घोकणे आणि आठवणे : पाठांतराच्या भारतीय वादाची एक तुलनात्मक तपासणी

एखादा मजकूर स्मरणात साठवण्याच्या क्रियेसाठी भारतीय भाषांनी जे शब्द घडविले, त्यांच्याकडे एकत्रितपणे पाहिल्यास स्मृतीचे स्थान शरीरात नेमके कोठे कल्पिले गेले, याचा एक सूचक आलेख हाती येतो. बंगालीत पाठ झालेले ते ‘मुखस्थ’. हिंदीत आणि संस्कृतप्रचुर मराठीत ते ‘कंठस्थ’. घरगुती मराठीत ‘तोंडपाठ’. तमिळमध्ये ‘मनप्पाडम्’, म्हणजे मनातला पाठ. उर्दूतील ‘हिफ़्ज़’ या शब्दाचा मूळ अर्थ राखणे, जतन करणे असा असून तेथे अवयवापेक्षा जबाबदारीवर भर आहे. इंग्रजी आणि फ्रेंच भाषांनी हे काम हृदयाकडे सोपविले, तर प्राचीन ग्रीक वाक्प्रचार आपल्याप्रमाणेच मुखाचा होता. या शब्दसमूहात मराठीतील ‘घोकंपट्टी’ आणि ‘पोपटपंची’ तसेच हिंदीतील ‘रट्टा’ हे शब्द आणून ठेवले की स्वर एकदम बदलतो. पहिल्या गटातील शब्द सिद्धीचे आहेत, दुसऱ्या गटातील तुच्छतेचे. एकाच क्रियेकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी परस्परांशेजारी नांदत आल्या आहेत, आणि विद्यार्थ्याने अभ्यास कसा करावा या प्रश्नावरील आपली बहुतेक चर्चा या दोहोंमध्ये हेलकावे खात राहिली आहे.

स्मृतिविषयक प्रायोगिक संशोधनाने गेल्या सुमारे 140 वर्षांत जे हाती दिले, त्याच्या प्रकाशात हा वाद पुन्हा वाचला असता असे दिसते की, ‘पाठांतर’ या एकाच नावाखाली दोन अगदी भिन्न क्रिया गोळा झाल्या होत्या. एक म्हणजे मजकूर पुन:पुन्हा आत घेणे. दुसरी म्हणजे तो समोर नसताना आतून बाहेर काढणे. पारंपरिक अध्ययनपद्धतींचे सामर्थ्य बव्हंशी दुसऱ्या क्रियेत होते. वसाहतकालीन शिक्षणव्यवस्थेने पाठांतराचा निषेध केला खरा, परंतु प्रत्यक्षात तिने दुसरी क्रिया मोडीत काढून पहिली तेवढी शिल्लक ठेवली.

वेदाध्ययनाच्या परंपरेपासून आरंभ करणे सोयीचे, कारण तिचे तंत्र सर्वांत तपशीलवार ज्ञात आहे. मराठीत आजही ‘संथा देणे’ आणि ‘संथा घेणे’ हे शब्दप्रयोग रूढ आहेत : गुरूने एक तुकडा म्हणावा, शिष्याने तो ऐकून लगेच म्हणावा. पुस्तक मध्ये नाही. म्हणून प्रत्येक उच्चार ही एक छोटी परीक्षाच असते. संहितापाठानंतर पदपाठ येतो. ऋग्वेदाच्या पदपाठाचे श्रेय परंपरा शाकल्याला देते. क्रमपाठात पदांच्या जोड्या पुढे सरकतात : पहिले-दुसरे, दुसरे-तिसरे, तिसरे-चौथे. जटापाठात तीच जोडी सुलट, उलट आणि पुन्हा सुलट म्हटली जाते. घनपाठात दोन पदे सुलट-उलट झाल्यावर तिसरे पद त्यांत मिसळून तिन्ही पदे सुलट, उलट, सुलट अशी फिरविली जातात. या विकृतींचा घोषित हेतू संहितेचे रक्षण हा होता, आणि संधिनियमांचे अचूक ज्ञान असल्याखेरीज त्या म्हणताच येत नाहीत. त्यामुळे ‘अर्थशून्य पुनरावृत्ती’ हा आरोप निदान भाषिक रचनेच्या पातळीवर टिकत नाही. ओळीच्या ओघात पुढचा शब्द आपोआप जिभेवर येणे, हा साध्या पाठांतराचा आधार असतो. घनपाठ हा आधार पावलोपावली काढून घेतो आणि प्रत्येक पद स्वतंत्रपणे आठवायला लावतो, असे अनुमान येथे करता येते.

अशी व्यवस्था केवळ वैदिकांचीच होती असे मानणे मात्र एकांगीपणाचे ठरेल. भारतीय मदरशांतील हिफ़्ज़च्या वर्गात रोजचा पाठ तीन थरांचा असतो. ‘सबक़’ म्हणजे आजचा नवा भाग, ‘सबक़ी’ म्हणजे नुकताच पाठ झालेला भाग, आणि ‘मंज़िल’ म्हणजे पूर्वी पाठ झालेल्या भागाचे क्रमाने होणारे आवर्तन. तिन्ही भाग उस्तादापुढे पुस्तकाविना म्हणून दाखवायचे असतात. नवे दाट अंतराने आणि जुने विरळ अंतराने, ही रचना एखाद्या आधुनिक प्रयोगाचा आराखडा म्हणून सहज खपून जाईल. महाराष्ट्रातील परवच्याचे स्वरूप अधिक घरगुती होते. तिन्हीसांजेला दिवा लागला की पाढे, पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी, त्यांबरोबर तिथी, नक्षत्रे, श्लोक हे सारे मुलांनी घरातील वडीलधाऱ्यांसमोर म्हणायचे. दिवसाच्या पाठापासून काही तासांचे अंतर, समोर पुस्तक नाही, आणि विविध विषयांची सरमिसळ! पाढ्यांच्या पुस्तकाला मराठीने ‘उजळणी’ हे नाव दिले. भांडे वापरले नाही तरी त्यावर कळा चढते, म्हणून ते पुन्हा घासून उजळावे लागते. विस्मरणाचे हे रूपक कोणत्याही सिद्धांताच्या कितीतरी आधी भाषेत मुरलेले होते.

सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग याने नालंदा येथे अनेक वर्षे वास्तव्य केले. मुले आठव्या वर्षी पाणिनीची सूत्रे शिकू लागतात आणि आठ महिन्यांत ती म्हणू शकतात, अशी नोंद त्याने केली आहे. त्याच्या वृत्तांतातील आश्चर्याचा अंश वगळला तरी एक गोष्ट उरते : सूत्रपाठ ही व्याकरणाध्ययनाची पहिली पायरी होती आणि वृत्ती, भाष्य इत्यादी अर्थविवरण पुढच्या पायऱ्यांवर येई. शास्त्री मंडळी आजही एखादा ग्रंथ आपल्याला ‘उपस्थित’ आहे असे म्हणतात. हा शब्द ‘पाठ आहे’ याहून निराळा आहे. हाक मारताच जो येऊन उभा राहतो, तो उपस्थित. वादात, टीकालेखनात वा अध्यापनात हवा तो संदर्भ हव्या त्या क्षणी हाती येणे, हे या स्मृतीचे प्रयोजन होते.

परंपरेला स्वतःच्या उणिवांची जाणीव नव्हती असे नाही. वेद पढून ज्याला अर्थ कळत नाही त्याला यास्काने निरुक्तात भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात हाच विचार चंदनाचे ओझे वाहणाऱ्या गाढवाच्या रूपाने येतो : वजन त्याला जाणवते, सुगंध नाही. तेव्हा आकलनशून्य पाठांतरावरील टीका हे काही पाश्चात्त्य शिक्षणाचे देणे नव्हे. या परंपरेचे खरे अपंगत्व दुसरीकडे होते. वेदाध्ययनातून स्त्रिया आणि शूद्रातिशूद्र वगळलेले होते. पंतोजींच्या शाळेत प्रामुख्याने ब्राह्मण आणि व्यापारी जातींची मुले बसत, आणि तेथील शिस्त छडीवर उभी असे. परवचा म्हणवून घ्यायला घरात शिकलेले कोणीतरी असावे लागते, आणि संध्याकाळ कामातून मोकळी असावी लागते. ज्यांना हे नव्हते त्यांची स्मृती दुबळी होती असे मात्र नाही. गी पॉयतवँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने खेडोपाडीच्या स्त्रियांकडून संकलित झालेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरते. या स्मृतीला कोणत्याही शाळेने मान्यता दिली नाही आणि तिचे तंत्रही वेगळे होते. तेथे अक्षर न् अक्षर राखण्याचा आग्रह नसून चौकट राखून नवी ओवी घडविण्याचे स्वातंत्र्य होते. मिल्मन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड यांनी दक्षिण स्लाव गायकांच्या संदर्भात जी रचनाप्रक्रिया उलगडली, तिच्याशी हे नाते अधिक जवळचे आहे.

वसाहतकाळातील पहिला अध्याय काहीसा विनोदी म्हणावा असा आहे. मद्रासजवळ एग्मोर येथे सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेचा अधीक्षक असलेल्या अँड्र्यू बेलने देशी शाळेतील मुलांना वाळूत अक्षरे गिरवताना पाहिले. ही रीत आणि एका मुलाने दुसऱ्याला शिकविण्याची पद्धत यांवर त्याने 1797 मध्ये लंडनमध्ये पुस्तिका प्रसिद्ध केली आणि ही ‘मद्रास पद्धती’ इंग्लंडमध्ये गाजली. पुढे त्याच देशातून आलेल्या अधिकाऱ्यांनी भारतीय विद्यार्थी केवळ पाठ करतो, विचार करीत नाही, असा निर्वाळा देण्यास आरंभ केला. पण दरम्यान एक नवी संस्था उभी राहिली होती. 1857 मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे स्थापन झालेली विद्यापीठे आरंभी प्रामुख्याने परीक्षा घेणारी मंडळे होती. मुंबई विद्यापीठाच्या 1859 मधील पहिल्या प्रवेशपरीक्षेस 132 विद्यार्थी बसले आणि त्यांतील 22 उत्तीर्ण झाले. सरकारी नोकरीचा दरवाजा एका लेखी परीक्षेवर टांगला गेला, आणि नेमलेले पुस्तक, त्याची ‘की’, तयार टिपणे यांचा बाजार त्यामागोमाग आला. 1902 च्या विद्यापीठ आयोगाने अध्यापन हे परीक्षेचे दास झाले असल्याची तक्रार नोंदविली. कृष्ण कुमार यांनी 1991 च्या आपल्या ग्रंथात ज्या पाठ्यपुस्तककेंद्री संस्कृतीचे विश्लेषण केले आहे, तिची मुळे याच रचनेत आहेत.

या स्थित्यंतरात स्मृतीच्या दृष्टीने नेमके काय बदलले? रोज गुरूसमोर वा वडिलांसमोर म्हणून दाखविणे गेले आणि वर्षाअखेर एकदाच लिहून दाखविणे आले. आधी आवर्तन विरळ होत जाई, परंतु थांबत नसे. आता परीक्षेच्या आदल्या पंधरवड्यात सारे कोंबायचे आणि नंतर विसरण्यास मोकळे व्हायचे. तिसरा बदल अधिक खोल होता. पाठ करायची भाषा परकी झाली. रवींद्रनाथ ठाकूर यांनी 1892 मध्ये ‘शिक्षार हेरफेर’ या निबंधात मांडलेला आक्षेप मूलतः हाच आहे : ज्या भाषेतून मूल जगत नाही त्या भाषेतून त्याने शब्द तेवढे गोळा करावेत आणि भाव मागे राहावा, ही विसंगती.

त्यांच्याच 1918 मधील ‘तोताकाहिनी’कडे या दृष्टीने पुन्हा पाहावयास हवे. गाणाऱ्या, बागडणाऱ्या पण शास्त्र न जाणणाऱ्या पक्ष्याला शिकविण्याचा हुकूम राजा देतो. सोन्याचा पिंजरा होतो, पोथ्यांच्या नकलांचे ढीग लागतात, पंडित आणि देखरेख करणारे गब्बर होतात. पक्ष्याच्या चोचीत पाने कोंबली जातात आणि शेवटी तो मरतो. राजा बोटाने दाबून पाहतो तेव्हा पोटातील कागदांची सळसळ तेवढी ऐकू येते. ही कथा घोकंपट्टीचा निषेध म्हणून सरसकट उद्‌धृत केली जाते आणि मराठीतील ‘पोपटपंची’ या शब्दाशी तिची सांगड सहज घातली जाते. पण कथेतील पोपट एकदाही काही म्हणून दाखवीत नाही! त्याच्याकडून कोणी काही म्हणवून घेत नाही. त्याच्या कंठातून आवाज निघण्याची शक्यताच बंद केलेली आहे. पोपटपंची करणारा पोपट बोलतो तरी. रवींद्रनाथांची प्रतिमा पाठांतराची नसून भरणाची आहे, आणि म्हणूनच 1918 मधील परीक्षाव्यवस्थेचे ती अधिक अचूक निदान ठरते.

युरोपात स्मृती प्रयोगशाळेत आली ती हेर्मान एबिंगहाउस यांच्या 1885 च्या ग्रंथाने. त्यांनी सुमारे 2300 निरर्थक अक्षरसंच तयार केले आणि स्वतःवरच प्रयोग केले. प्रयोगकर्ताही तेच आणि विद्यार्थीही तेच. पाठ केलेली मालिका पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात, हे त्यांचे माप होते. वीस मिनिटांनंतर ही बचत सुमारे 58 टक्के, एका दिवसानंतर सुमारे 34 टक्के आणि महिन्यानंतर सुमारे 21 टक्के आढळली. विस्मरण आरंभी वेगाने आणि नंतर संथपणे होते, हा निष्कर्ष सर्वश्रुत आहे. साहित्याच्या अभ्यासकाला त्यांच्या इतर दोन निरीक्षणांत अधिक रस वाटावा. बायरनच्या ‘डॉन हुआन’मधील कडवी पाठ करण्यास तेवढ्याच लांबीच्या निरर्थक अक्षरांच्या सुमारे एक दशांश श्रम पुरले. अर्थ, छंद आणि मातृभाषेसारखी परिचित भाषा ही स्मृतीची साधने आहेत, हे या शास्त्राने पहिल्याच पुस्तकात नोंदविले. आकलन आणि स्मरण यांना परस्परविरोधी ठरविण्यास तेथून आधार मिळत नाही. वसाहतीतील शाळकरी मुलाला न कळणाऱ्या इंग्रजीतील परिच्छेद पाठ करावा लागे, तेव्हा त्याची अवस्था कडवी पाठ करणाऱ्या एबिंगहाउसपेक्षा निरर्थक अक्षरे पाठ करणाऱ्या एबिंगहाउसशी अधिक जुळणारी होती. दुसरे निरीक्षण अंतराविषयीचे आहे : एकाच दिवशी केलेल्या 68 आवर्तनांनी जे साधले, ते तीन दिवसांत विभागलेल्या 38 आवर्तनांनीही साधले.

फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 मध्ये ही निरर्थक अक्षरे बाजूला ठेवून केंब्रिजमधील लोकांना उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक कथा वाचावयास दिली आणि ती पुन:पुन्हा आठवावयास सांगितली. अपरिचित तपशील गळत गेले, उरलेले त्यांच्या परिचित सांस्कृतिक साच्यात बसविले गेले. आठवणे म्हणजे कोठारातून वस्तू काढणे नसून पुनर्रचना करणे होय, ही त्यांची स्थापना कथांच्या प्रवासाचा अभ्यास करणाऱ्यांना ओळखीची वाटेल. घनपाठासारख्या यंत्रणेचा खटाटोप कशासाठी होता, हेही येथे कळते : ती याच पुनर्रचनेला रोखून धरीत होती, तर ओवी तिलाच कामाला लावीत होती.

न पाहता आठवणे हे पुन्हा वाचण्यापेक्षा श्रेयस्कर, हे निरीक्षण तसे जुनेच. फ्रान्सिस बेकनने 1620 मध्ये ते नोंदविले होते. आर्थर गेट्स यांनी 1917 मध्ये शाळकरी मुलांवर प्रयोग करून अभ्यासाच्या वेळेचा मोठा भाग स्वतःशी म्हणून पाहण्यात घालविणे लाभदायक असल्याचे दाखविले. 1939 मध्ये हर्बर्ट स्पिट्झर यांनी आयोवा राज्यातील 91 शाळांतील सहावीच्या 3605 मुलांच्या चाचण्यांतून वाचनानंतर लवकर घेतलेली चाचणी विस्मरण रोखते, असा निष्कर्ष काढला. तरीही ही दिशा काही दशके बाजूला पडली. 2006 मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी तिला पुन्हा मध्यभागी आणले. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक गद्य उतारा चार सत्रांत वाचला, सरासरी चौदाहून अधिक वेळा. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात, सरासरी तीन-साडेतीन वेळा वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर वाचणारा गट पुढे होता : 83 टक्के विरुद्ध 71 टक्के. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के. आपल्याला पुढे हे चांगले आठवेल असा विश्वास विचारला असता, तो वाचणाऱ्यांनाच अधिक वाटत होता.

विद्यार्थिजीवनाच्या दृष्टीने हा शेवटचा तपशील सर्वांत महत्त्वाचा मानावा लागेल. पुनर्वाचनाने मजकूर ओळखीचा होतो आणि ओळखीलाच मन ज्ञान समजते. वॉशिंग्टन विद्यापीठातील 177 विद्यार्थ्यांच्या 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 84 टक्के विद्यार्थी टिपणे वा पुस्तक पुन्हा वाचतात असे दिसले. स्वतःहून आठवून पाहण्याची रीत सांगणारे केवळ 11 टक्के होते. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अभ्यासाच्या दहा तंत्रांचा आढावा घेतला, तेव्हा अधोरेखन आणि पुनर्वाचन खालच्या श्रेणीत गेले. स्वचाचणी आणि अंतराअंतराने केलेला अभ्यास ही दोनच तंत्रे वरच्या श्रेणीत आली. भारतीय वसतिगृहांतील मध्यरात्रीचे दिवे, रंगीत शाईने भरलेली पाने, ‘अपेक्षित प्रश्नसंच’ आणि कुंज्या यांचे स्थान या आढाव्यात कोठे लागेल हे सांगावयास नको. रात्र जागवण्याविषयी जेंकिन्स आणि डालेनबाख यांचा 1924 मधील प्रयोग अवघ्या दोन विद्यार्थ्यांवर झाला होता, पण त्याचा निष्कर्ष पुढील संशोधनाने बळकट केला : शिकल्यानंतर झोप घेतली असता तेवढाच वेळ जागे राहण्यापेक्षा कमी विसरले जाते.

या संशोधनाचा आधार घेऊन ‘आपल्या पूर्वजांना हे सारे ठाऊकच होते’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह मोठा असतो. 2016 मध्ये जेम्स हार्टझेल आणि सहकाऱ्यांनी 21 वेदपाठी पंडितांच्या मेंदूंची तुलना तितक्याच इतर व्यक्तींशी करून काही भागांत रचनाभेद नोंदविला, तेव्हा संस्कृत मंत्रांच्या प्रभावाची वर्णने तत्काळ सुरू झाली. तो अभ्यास भेद दाखवितो, कारण सिद्ध करीत नाही. परंपरेकडे कुशल व्यवहार होता. त्याची चिकित्सा करणारे प्रयोग नव्हते. नव्या संशोधनालाही मर्यादा आहेत. त्यातील बरेचसे अमेरिकी महाविद्यालयांतील तरुणांवर आणि छोट्या उताऱ्यांवर झालेले आहे. आठवून पाहण्याचा लाभ अनुमानात्मक प्रश्नांतही दिसतो असे कार्पिक आणि ब्लंट यांनी 2011 मध्ये दाखविले, तर मजकूर गुंतागुंतीचा असेल तसा हा लाभ घटतो असा आक्षेप व्हान गोग आणि स्वेलर यांनी 2015 मध्ये घेतला. कादंबरीचे वा काव्यमीमांसेचे वाचन या दुसऱ्या प्रकारात मोडते, हे साहित्यविभागांनी ध्यानात घ्यावे.

भारतीय शिक्षणधोरणाने मात्र हा भेद अद्याप नीटसा स्वीकारलेला दिसत नाही. यशपाल समितीच्या 1993 च्या अहवालाने दप्तराच्या ओझ्यापेक्षा न कळण्याचे ओझे मोठे, हे योग्य रीतीने ओळखले. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने अध्ययनाला घोकंपट्टीपासून दूर नेण्याचे तत्त्व सांगितले आणि 2020 च्या धोरणाने त्याचा पुनरुच्चार केला. घोकू नका, हे तिन्ही दस्तऐवज सांगतात; मग विद्यार्थ्याने संध्याकाळी खोलीवर बसून नेमके काय करावे, याविषयी त्यांत फारसे काही नाही. ही पोकळी खाजगी शिकवण्यांनी चाचणीमालिकांच्या रूपाने भरून काढली, आणि योगायोग असा की त्यांच्या हाती आठवण्याचे तंत्र आहे, परंतु त्याचा उपयोग गुणानुक्रम लावण्यासाठी होतो. प्रयोगांतील लाभ गुण न देता घेतलेल्या चाचणीतही मिळतो.

घरात परवचा नसलेला, कुटुंबातून प्रथमच विद्यापीठात पोहोचलेला विद्यार्थी हा या इतिहासातील सर्वांत उपेक्षित वाचक होय. संथेला गुरू लागे, परवच्याला वडीलधारे लागत, चाचणीमालिकेला पैसे लागतात. पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर काल वाचलेले लिहून पाहण्यास आणि मग पुस्तक उघडून काय सुटले ते तपासण्यास यांपैकी काहीच लागत नाही. हे त्याला सांगण्याचे काम पदव्युत्तर वर्गातील पहिल्या आठवड्याचे आहे, आणि तुलनात्मक साहित्याच्या वर्गात त्याची निकड अधिक आहे. कारण दोन भाषांतील दोन कृती एकाच वेळी उपस्थित असल्याखेरीज तेथे तुलनेला आरंभच होत नाही.